शाई उतरेपर्यंत

बिबवेवाडीतल्या त्या चार मजली सोसायटीत विजयमालाबाई वानखेड्यांकडे कुणी काम नसताना गेलंय, असं कित्येक वर्षांत घडलेलं नाही. यात सोसायटीला दोष देण्यात अर्थ नाही. पुण्यात माणूस कामाशिवाय दुसऱ्याच्या दारात उभा राहत नाही, आणि चुकून राहिलाच तर घरातला माणूस आधी त्याच्या चपलांकडे बघतो, मग तोंडाकडे बघतो आणि विचारतो, "काय काम काढलंत?" विजयमालाबाईंचं नशीब एवढंच, की त्यांच्याकडे लोकांचं एक काम होतं. त्या घरबसल्या प्रिंटरच्या कार्ट्रिज भरून द्यायच्या.

काम मुळात त्यांचं नव्हे, भीमरावांचं. भीमराव म्हणजे त्यांचे मिस्टर, सरकारी कचेरीतले कारकून. निवृत्त झाल्यावर पुरुषमाणसं एक तर देवदेव करायला लागतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसायला. भीमरावांचं देवाशी देणंघेणं नव्हतं आणि स्वयंपाकातलं त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी एक जुना प्रिंटर विकत घेतला. बुद्धजयंतीची पत्रकं, ओळखीपाळखीतल्या मुलामुलींचे बायोडाटा, विहाराच्या सूचना, सगळं घरी छापायला लागले. मग शाई संपली. नव्या कार्ट्रिजची किंमत ऐकून भीमराव दुकानातून तसेच परत आले आणि शाईची बाटली, सिरिंज आणि हातमोजे घेऊन हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरून बसले. पहिल्याच दिवशी फरशीवर निळा डाग पडला. तो अजून आहे. विजयमालाबाई शेजारी बसून टिश्यू पेपर पुढे करायच्या. "डॉक्टर ऑपरेशन करतात, मी नर्स," असं त्या लोकांना सांगायच्या. नर्सलाही बघूनबघून येतंच.

भीमराव गेले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. त्यानंतर तळमजल्यावरचे बद्रीनाथ बोराडे दारात आले. "वहिनी, फार वाईट झालं हो," म्हणाले. मान खाली घालून जरा वेळ उभे राहिले, आणि मग खिशातून कार्ट्रिज काढून म्हणाले, "हे होईल का?"

बाईंना अस्सा राग आला! पण हात पुढे झाला. वर्तमानपत्र अंथरलं, सिरिंज भरली. बद्रीनाथ बसून राहिले आणि कचेरीतले भीमराव, चिडके भीमराव, शाईने बोटं बरबटलेले भीमराव असं काहीबाही बोलत राहिले. ते गेल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की आजची संध्याकाळ आपण रडलो नाही. तेव्हापासून त्यांनी हे काम धरलं ते धरलंच.

कार्ट्रिजच्या पोटात स्पंज असतो. वरचं लेबल सोलून भोकातून सुई घालायची आणि शाई अगदी हळू सोडायची, तान्ह्या पोराला चमच्याने पाजतात तशी. घाई केली तर स्पंजात हवा धरते आणि छपाईत पांढऱ्या रेघा येतात. भरून झालं की ओल्या टिश्यूवर तिचं तोंड टेकवून थोडा वेळ ठेवून द्यायची, म्हणजे शाई खालपर्यंत उतरते. भीमराव दहा मिनिटं ठेवायचे. विजयमालाबाईंच्या हाती काम आल्यावर या दहा मिनिटांना पाय फुटले. आधी चहा व्हायचा म्हणून थोडं वाढलं, मग चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकायला हवं म्हणून आणखी, आणि होताहोता शाई उतरायला पाऊण तास लागायला लागला.

बद्रीनाथांनी एकदा विचारलं, "भीमराव तर लगेच द्यायचे हो."

"म्हणून तर त्यांच्या प्रिंटवर रेघा यायच्या," बाईंनी ठोकून दिलं.

बद्रीनाथ गेल्यावर त्या भीमरावांच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. "रागवू नका," त्या म्हणाल्या. "पण माणूस किती वेळ बसला बघितलंत ना?"

तर अशी ही बाई. बुटकी, काटक, तोंडाने फटकळ. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे त्या सिरिंज आणायला गेल्या की तो दर वेळी काळजीच्या सुरात विचारायचा, "काकू, शुगर का?" आणि त्या दर वेळी सांगायच्या, "मला नाही, प्रिंटरला." त्यांच्या नखांच्या कडा कायम काळ्या. लग्नाकार्यात हात पदराखाली घेऊन बसायच्या, पण कुणी विचारलंच तर "आमचा धंदा आहे" असं मान वर करून सांगायच्या.

पण दिवस पालटले. शाईच्या टाकीवाले प्रिंटर आले, ज्यात बाटली उपडी केली की झालं, सुई नको, स्पंज नको आणि वानखेडेकाकूही नकोत. पोरं सगळं फोनवरच दाखवायला लागली. बद्रीनाथांनी टाकीवाला प्रिंटर घेतला. जिन्यात भेटले की नमस्कार करतात, आणि घाईत असतात. गरज सरो, वैद्य मरो. वैद्याने काय करायचं, याबद्दल म्हण काही सांगत नाही.

मुलगा अभिनव वारज्याला राहतो. वारजे काही सातासमुद्रापार नाही, पण मनात नसलं की वारजेसुद्धा लांब पडतं. मुलगा वाईट आहे असं म्हणण्याची सोय नाही. तो आईला वाणसामान घरपोच पाठवतो, भाजी पाठवतो, औषधं पाठवतो, म्हणजे तिला तीन मजले उतरायला नकोत. वाण्याशी घासाघीस, भाजीवालीशी भांडण, हेसुद्धा त्याने मायेने काढून घेतलं. रविवारी फोन येतो. "काही हवंय का?" "काही नको." "येतो एखाद्या रविवारी, बघतो." झालं. सामान घेऊन येणारा पोऱ्या पिशवी दाराला अडकवून बेल वाजवतो, आणि बाई दार उघडेपर्यंत जिना उतरलेला असतो.

घर खायला उठायचं. दुसरा शब्द नाही त्याला. बाई कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजायच्या, घरात माणसाचा आवाज व्हावा म्हणून. टीव्हीवरच्या बातम्यांना उलट उत्तरं द्यायच्या. दुपारी जेवून हात धुतले की संध्याकाळ होईपर्यंतचा वेळ हा असा समोर येऊन बसायचा आणि काही केल्या उठायचा नाही.

एवढ्या सगळ्या गळतीत एकच माणूस टिकून राहिलं होतं, ते म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची कल्याणी.

कल्याणी मूळची वाशिमची. लग्न होऊन पुण्यात आलेली, तिशीच्या आतबाहेरची मुलगी. नवरा अभय हिंजवडीत रात्रपाळीला. दुपारी तो झोपलेला असतो, आणि संध्याकाळी तो बाहेर पडला की कल्याणीच्या हॉलमध्ये शिकवणीची पोरं भरतात. त्यांना सरावाचे पेपर द्यायचे म्हणून तिने कुणाकडून तरी एक जुना प्रिंटर घेतला होता. महिना-दीड महिन्याने ती दुपारी कार्ट्रिज हातरुमालात गुंडाळून वर यायची.

"काकू, सॉरी हं. परत त्रास द्यायला आले."

"त्रास कसला? बस. शाई उतरायला वेळ लागेल."

पहिल्यापहिल्यांदा ती घड्याळ बघत बसायची. मग हळूहळू पाय वर घेऊन बसायला लागली. "काकू, आमच्याकडे ना, दिवसभर कुजबुजत बोलावं लागतं. तो झोपलेला असतो ना. इथे आले की कसं नॉर्मल आवाजात बोलता येतं!" ती बोलायची ते वर्गातल्या पोरांबद्दल, वाशिमच्या घराबद्दल, आणि एका गोष्टीबद्दल फार. तिला हॉल सोडून बाहेर एक खोली भाड्याने घ्यायची होती. दारावर पाटी, आत बाक, मोठा फळा. अभय म्हणायचा, "तुला झेपणारे का ते?" आणि ती म्हणायची, "झेपवून दाखवते."

विजयमालाबाई ऐकायच्या, मधूनच टोमणा मारायच्या, आणि कार्ट्रिज टिश्यूवर टेकलेली असायची. ती केव्हाच तयार झालेली असायची.

एकदा कल्याणी आली ती हसतच. "काकू, या वेळी तर कमाल झाली. दोन महिने झाले, तरी शाई चालली! तुमच्या हाताला यश आहे."

बाई हसल्या. पण आत काहीतरी खचलं. दोन महिने. खरंच की, दोन महिन्यांत ही पोर एकदाही आली नव्हती. आपण जितकं चांगलं काम करू तितका हिचा पाय इथे कमी वळणार, हे गणित त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि एकदा दिसल्यावर ते डोळ्यांपुढून हलेना.

त्या दिवशी काळ्या शाईची बाटली तळाला गेली होती. जेवढी होती तेवढी त्यांनी भरली. भागवून घेईल, नवी बाटली आली की पुन्हा भरून देऊ, असं मनाशी म्हणाल्या. पण पंधरा दिवस व्हायच्या आतच बेल वाजली.

"काकू, लवकर संपली हो या वेळी. मुलं वाढलीत ना क्लासला. सॉरी हं."

तेव्हा बाईंनी सांगायला हवं होतं. 'अगं, गेल्या वेळी शाईच नव्हती पुरेशी', एवढं एक वाक्य. ते ओठांवर आलंही. पण पोरगी आत येऊन पाय वर घेऊन बसलीसुद्धा होती, आणि बाईंनी वाक्य गिळून चहा टाकला. नवी बाटली फडताळात भरलेली होती. त्यांनी सिरिंज अर्ध्यापर्यंतच ओढली.

इथून पुढे त्या कधीच पूर्ण भरेनात. आता यात फसवणूक होती का? होती. बाईंना ते कळत होतं का? चांगलं कळत होतं. मनाची समजूत घालायला म्हणून त्यांनी कल्याणीकडून पैसे घ्यायचं बंद केलं. "राहू दे गं, उरलेलीच शाई आहे," म्हणायच्या. पैसे नकोत म्हटल्यावर बिचारी पोर ओशाळून कधी साबुदाण्याचे पापड, कधी वाशिमहून आलेली तूरडाळ घेऊन यायची. ती डाळ जेवताना बाई भीमरावांच्या फोटोकडे पाठ करून बसायच्या. पण दुपारी बेल वाजली की सगळं विसरायला व्हायचं. चोरी पचली की तिची सवय लागते, आणि ही तर माणसाच्या सोबतीची चोरी.

एक गोष्ट मात्र त्यांना भीमरावांनी हजारदा सांगितलेली होती: कार्ट्रिज कोरडी पडू द्यायची नाही. शाई असते तोवर तिच्या तोंडाशी ओल असते. शाई संपल्यावरही छापत राहिलं तर तोंड आतून जळतं, पातेल्यातलं पाणी आटल्यावर गॅस चालू राहिला तर जळतं तसं. प्रिंटर शाई संपल्याची सूचना देतो खरा, पण एकदा घरी भरलेल्या कार्ट्रिजला तो शाई भरल्याचं ओळखतच नाही. पोट भरलेलं असो की रिकामं, तो आपला कायम 'शाई संपली' असंच म्हणतो. म्हणून घरी भरणारी सगळी माणसं ती सूचना न वाचता 'ओके' दाबायला शिकतात. कल्याणीलाही ते बाईंनीच शिकवलं होतं. फिकं यायला लागलं की ती येतेच, मग कशाला कोरडी पडतेय, अशी बाईंनी आपल्या मनाची सोय करून ठेवली होती.

पावसाळा संपतासंपता कल्याणीने एक मोठा बेत आखला. स्कॉलरशिपच्या पोरांसाठी सराव परीक्षा. अगदी खऱ्यासारखी. छापील प्रश्नपत्रिका, वेळ लावून, रविवारी सकाळी. आजूबाजूच्या सोसायट्यांमधली पोरंही येणार होती, त्यांचे आईबाप बघायला थांबणार होते. ही परीक्षा नीट पार पडली तर पुढच्या महिन्यापासून खोली घ्यायची, असं तिने ठरवून टाकलं होतं. खोली बघून झाली होती. घरमालकाला शब्दही दिला होता. गुरुवारी ती कार्ट्रिज भरायला वर आली तेव्हा तिच्या बोलण्याला खंड नव्हता.

"काकू, या वेळी पुष्कळ प्रिंट काढायच्यात. पुरेल ना?"

बाईंच्या हातात सिरिंज होती. त्यांच्या डोक्यात आलं, पुरली नाही तर शनिवारी येईल. शनिवारी परत बसेल जरा. परीक्षेचं सगळं सांगेल. एवढंच डोक्यात आलं. दुसरं काही नाही.

"न पुरायला काय झालं?" त्या म्हणाल्या.

शनिवारी कल्याणी आली नाही. बाईंनी तिच्यासाठी थालीपीठं लावायचा घाट घातला होता. पीठ मळून झाकून ठेवलेलं तसंच राहिलं. रविवारी उजाडताउजाडता बेल वाजली ती थांबेचना. दार उघडलं तर कल्याणी, केस विस्कटलेले, हातात कार्ट्रिज. रुमालसुद्धा नाही.

"काकू, हे काय झालं बघा ना. अर्ध्या प्रिंट निघाल्या आणि मग पांढरं. मी तोंड साफ करायचं ते क्लीनिंग दिलं, परत दिलं, परत दिलं. काहीच येत नाही. दुकानं उघडी नाहीत. नऊला मुलं येतील."

बाईंनी टिश्यूवर कार्ट्रिजचं तोंड टेकवलं. डागसुद्धा उमटला नाही. त्यांनी शाई भरली, गच्च भरली, इतके महिने कधी भरली नव्हती इतकी. पुन्हा टेकवलं. काही नाही. गरम पाण्यात तोंड बुडवलं, पुसलं, पुन्हा टेकवलं. त्यांना पहिल्याच वेळी कळलं होतं, तरी त्या टेकवत राहिल्या.

"जळाली," शेवटी त्या म्हणाल्या.

"माझीच चूक आहे," कल्याणी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "वॉर्निंग येत होती आणि मी ओके ओके दाबत बसले. लक्षच नव्हतं माझं. तुम्ही इतकी वर्षं जपलेली कार्ट्रिज मी एका दिवसात घालवली."

बोलायची वेळ हीच होती. बाईंच्या तोंडाला कुलूप बसलं. कल्याणी जिना उतरून गेली आणि त्या दारातच उभ्या राहिल्या.

परीक्षा झाली, पण जशी व्हायला नको होती तशी. अर्ध्या पोरांना छापील पेपर आणि उरलेल्यांना फळ्यावर. फळ्यावर लिहितालिहिता वेळ गेला, पोरांनी गलका केला, आईबाप एकमेकांकडे बघून हसले. "घरगुती प्रकार आहे सगळा," असं एक बाई जिन्यात म्हणाली ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. विजयमालाबाई दाराच्या आतून ऐकत होत्या. दिवसभर त्यांनी काही खाल्लं नाही. अभिनवचा फोन आला. काही हवंय का. काही नको.

बुधवारी दुपारी कल्याणी वर आली. हातात काही नव्हतं. बाईंचा जीव एकदम हलका झाला, आणि लगेच जड झाला, कारण पोरीचा चेहरा फार शांत होता.

"काकू, सांगायला आले. मी टाकीवाला प्रिंटर घेतला. अभयने ऑर्डर केला. आता तुम्हाला त्रास नाही."

"मला कुठे त्रास होता?"

"होता हो. मी किती वेळा यायची, मलाच लाज वाटायची." ती खुर्चीच्या कडेवर बसली, पाय खालीच ठेवून. "आणि आता प्रिंटही फार लागणार नाहीत म्हणा. खोली नाही घेत मी. मालकांना कळवलं."

"का गं?"

"नाही जमत काकू मला. अभय म्हणतो तेच खरं. साधा एक प्रिंटर सांभाळता येत नाही मला, क्लास काय चालवणार? त्या दिवशी नीट वाचलं असतं, आधी तपासलं असतं... मी आहेच वेंधळी. ही बॅच संपली की बंद करणार आहे."

हे ती अगदी सरळ म्हणाली. रडली नाही, चिडली नाही. एखादा पेपर तपासून खाली मार्क द्यावेत तसे तिने स्वतःला मार्क देऊन टाकले होते.

विजयमालाबाई समोर बसल्या होत्या. गप्प राहिलं तर काही बिघडत नव्हतं. पोरगी त्यांना मानत होती, उद्या प्रिंटर असला-नसला तरी जिन्यात थांबून दोन शब्द बोलली असती, सणावाराला पापड घेऊन आली असती. बोललं तर तेवढंही जाणार. त्यांनी आपल्या काळ्या नखांकडे बघितलं. मग मान वर केली.

"तू वेंधळी नाहीस," त्या म्हणाल्या. "शाईच कमी होती. मी अर्धीच भरत होते."

"म्हणजे?"

"म्हणजे अर्धी. मुद्दाम. कित्येक महिने. या वेळीसुद्धा. बाटली भरलेली होती फडताळात, तरी अर्धीच घातली. तुझी शाई लवकर संपत होती ती मुलं वाढली म्हणून नव्हे. आणि ती जळाली ती तू ओके दाबलंस म्हणून नव्हे. पूर्ण भरली असती तर सगळे पेपर निघून वर उरली असती."

"पण का? पैसेसुद्धा घेत नव्हतात तुम्ही."

"तू लवकर यावीस म्हणून."

बाई थांबल्या नाहीत. एकदा बूच निघालं होतं.

"शाई उतरायला पाऊण तासही लागत नाही. दहा मिनिटं पुरतात. तेही खोटंच सांगत होते. सगळ्यांनाच सांगत होते. तुझं वाटोळं करायचं मनात नव्हतं गं माझ्या. पण झालं ते माझ्यामुळे झालं. तू खोली घे."

कल्याणी उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "काकू, सगळे हसले हो माझ्यावर," ती म्हणाली. आवाज वर गेला होता, या घरात तिला तो वर नेता यायचा. "रविवारी मी त्या फळ्यासमोर उभी होते आणि सगळे हसत होते. तीन दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय."

"माहीत आहे."

"आणि तुम्ही रविवारी मला तसंच जाऊ दिलंत."

"दिलं," बाई म्हणाल्या.

कल्याणी दारापर्यंत गेली. चपलेत पाय घालताघालता थांबली. "नुसतं ये म्हणायचं होतं काकू. आले असते की मी."

विजयमालाबाई मूळच्या फटकळ. तोंडातून निघून गेलं, "आली असतीस?"

खोटं बोलून सुटता आलं असतं, पण मुलगी तशी नव्हती. जिन्याच्या कठड्याकडे बघत तिने विचार केला, आणि चेहऱ्यावरचा राग तसाच ठेवून ती म्हणाली, "नाही. नसते आले. काम असल्याशिवाय वर येऊन बसायचं मला सुचलंच नसतं." आणि गेली.

बाईंनी दार लावलं. त्यांना वाटलं होतं तसं रडू आलं नाही. अभिनव वर्षानुवर्षं 'बघतो' म्हणत होता, बद्रीनाथ 'येतो एकदा निवांत' म्हणत होते, आणि त्या सगळ्या गोडगोड शब्दांवर त्यांनी एवढे दिवस काढले होते. या पोरीने तोंडावर नाही म्हटलं. लागलं खूप, पण लागलं ते खरं होतं. सुचलंच नसतं. तिला तरी का सुचावं? आपल्याला कधी सुचलं होतं? एकच मजला खाली राहते ती, आणि इतक्या वर्षांत आपणही तिच्या दारात कामाशिवाय कधी गेलो नव्हतो. कामासाठीसुद्धा नव्हतो गेलो. दुसऱ्याने चढून यावं म्हणून इतक्या खटपटी केल्या, एवढी लबाडी केली, पण आपण उतरावं हे डोक्यात आलं नाही.

दोन दिवस त्या घरातच राहिल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली पोरांचा पाढ्यांचा आवाज सुरू झाला. विजयमालाबाईंनी हात साबणाने धुतले, नखांतली शाई निघेल तेवढी घासून काढली, लुगडं बदललं आणि भिंतीचा आधार घेत एक मजला उतरल्या. उतरताना मन निमित्तं जुळवत होतं: कढीपत्ता आहे का विचारू, पाण्याची वेळ विचारू, डाळीचा डबा परत द्यायला आले म्हणू. डबा वरच राहिला होता. दारापाशी पोचेपर्यंत त्यांनी एकेक करून सगळी निमित्तं टाकून दिली आणि बेल वाजवली.

कल्याणीने दार उघडलं. हातात खडू होता. मागे सतरंजीवर पोरं दाटीने बसली होती. काकूंना दारात बघून तिच्या कपाळावर आठी आली.

"काय काम होतं काकू?"

"काम नाही," विजयमालाबाई म्हणाल्या. भीमराव गेल्यापासून जे त्या कुणालाही म्हणाल्या नव्हत्या, पोटच्या मुलालासुद्धा नाही, ते त्या सगळ्या पोरांच्या देखत म्हणाल्या. "वर एकटीला करमत नाही मला. बसू का जरा?"

कल्याणी उंबऱ्यात तशीच उभी राहिली. तिचा राग गेलेला नव्हता, तो स्पष्ट दिसत होता, आणि तो जायला किती दिवस लागतील हे तिलाही माहीत नसावं. तिने मागे वळून बघितलं. सगळ्यात कडेच्या पोराला म्हणाली, "सरक रे थोडा."